टाळ्या वाजवू नका, कॅसेट चालू आहे

माझा मेव्हणा न्यू जर्सीत दोन संसार करतो. एक वरच्या मजल्यावर, बायकोमुलांसह. दुसरा तळघरात, ग्रेटफुल डेडसह.

ग्रेटफुल डेड हा कॅलिफोर्नियातला रॉक बँड. १९६५ मध्ये सुरू झाला आणि १९९५ मध्ये जेरी गार्सिया गेल्यावर थांबला. मधल्या तीस वर्षांत त्यांनी तेवीसशेच्या आसपास मैफली केल्या आणि एकीसारखी दुसरी होऊ दिली नाही. कोणतं गाणं कधी येईल आणि किती लांबेल, याचा नेम नसे. त्यामुळे एक मैफल ऐकली की बाकीच्या ऐकणं भागच पडतं. मेव्हणा ऐंशीच्या दशकात शिकायला तिकडे गेला, खोलीतल्या सोबत्यानं त्याला एका मैफलीला नेलं, आणि आमच्या सासूबाईंच्या शब्दांत, पोरगं हातचं गेलं.

मैफल चोरून टेप करणारे लोक सगळ्याच बँडना भेटतात. बाकीचे त्यांना बाहेर काढत. यांनी बराच काळ काणाडोळा केला. पोरं जाड कोटात टेपरेकॉर्डर दडवून आणत, पुढे दडवणंही सोडलं. शेवटी मायक्रोफोनच्या काठ्यांचं इतकं रान माजलं, की बँडच्या ध्वनिसंयोजकाला, डॅन हीलीला, समोरचं स्टेज दिसेना. आपल्याकडे समिती नेमली गेली असती. यांनी १९८४ मध्ये त्या मंडळींना त्याच्या पाठीमागे वेगळी जागा दिली आणि वेगळं तिकीटही काढलं.

या जागेत उभं राहणाऱ्याला टेपर म्हणतात. भोवती हजारो माणसं बेभान नाचताहेत आणि हा पदरचे पैसे मोजून, लाडक्या बँडसमोर, तीन तास मौनव्रत पाळतो. टाळी नाही, शिट्टी नाही, गुणगुणणं तर नाहीच. सगळं माइकमध्ये जातं. शेजारी कुणी बोलायला लागला, तर नुसत्या डोळ्यांनी त्याचं भस्म करायचं. त्यात नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते, आणि बँड तर एका गाण्यातून न थांबता दुसऱ्यात शिरायचा. बाजू पालटायची कधी? दोघे ड्रमवाले एकटेच वाजवायला बसले, की लोक लघुशंकेला पळत आणि टेपर कॅसेटकडे. मेव्हण्यानंही हे व्रत केलंय. बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ज्याला दोन मिनिटं गप्प बसवलं नाही, तो हा!

मग देवाणघेवाण. तिचा नियम एकच, पैशांचं नाव काढायचं नाही. समोरच्याला कोऱ्या कॅसेट आणि परतीची टपाल तिकिटं पाठवायची; तो भरून परत धाडायचा. विकायला बसलेल्याचं पान पंगतीतून उठलंच म्हणून समजा. भानगड एवढीच, की प्रतीची प्रत काढत गेलं की दर पिढीला खरखर वाढते. पाचव्या पिढीला गाण्यामागे कुणीतरी फोडणीत मोहरी टाकतंय असं वाटतं. म्हणून कॅसेटची वंशावळ विचारायची. मूळची कुणाची, त्यावरून कुणी काढली, कुठल्या डेकवर. लग्न ठरताना माझ्या घराण्याची एवढी चौकशी या गृहस्थानं केली नव्हती.

त्याचं दैवत म्हणजे ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठ, बार्टन हॉल. ही टेपरची करामत नव्हे. बेटी कँटर या बँडच्याच ध्वनितंत्रज्ञ बाईंनी थेट मिक्सरवरून घेतलेली टेप. पुढे त्यांच्या टेपांचा साठा गोदामाच्या थकलेल्या भाड्यापायी लिलावात गेला आणि फिरत फिरत चाहत्यांच्या हाती लागला. अखेर ती मैफल अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं राष्ट्रीय ध्वनिठेवा म्हणून नोंदवली. “सरकारनं मान्य केलंय, दाजी,” असं तो मला दर भेटीत सांगतो. त्यानं मला एकच गाणं तीन वेगवेगळ्या गावांतलं लागोपाठ ऐकवलं. “फरक कळला?” मी “हो” म्हणालो. “कोणतं सरस?” मी मधलं म्हणालो, असल्या प्रसंगी मधलं म्हणावं. त्यानं उठून माझा हात हातात घेतला.

सासूबाईंवर त्यानं वेगळी मात्रा चालवून पाहिली. “आई, यातला ड्रमवाला मिकी हार्ट आपल्या अल्लारखाँकडे शिकलाय. झाकीर हुसेनबरोबर वाजवलंय त्यानं, ग्रॅमी मिळालंय दोघांच्या प्लॅनेट ड्रमला!” सासूबाईंनी डोळे मिटून दहा मिनिटं मन लावून ऐकलं आणि विचारलं, “मग तबला कधी सुरू होणार?”

त्याच्या घरापासून जवळच इंग्लिशटाउन आहे. ३ सप्टेंबर १९७७ ला तिथल्या मोटार शर्यतीच्या मैदानात डेडसमोर लाखभर माणूस लोटला होता. त्या मैफलीची, गर्दीतून टेप केलेली एक कॅसेट त्याच्याकडे आहे. ऐन गाण्यात कुणी एक इसम हरवलेल्या मित्राला हाका मारतो. मेव्हण्याला त्या हाका तालासुरात पाठ आहेत. १९९९ मध्ये त्याच मैफलीच्या स्वच्छ, अधिकृत सीडी निघाल्या, ‘डिक्स पिक्स’ मालिकेतला पंधरावा भाग. यानं पहिल्या झटक्यात घेतल्या, ऐकल्या आणि कपाटात टाकल्या.

“का रे? आवाज चांगला नाही?”

“आवाज उत्तम आहे. पण तो माणूस कुठंय?”

“बरं, तुझ्या कॅसेटमध्ये त्याला मित्र सापडतो का शेवटी?”

“तेच तर, दाजी. तिथंच बाजू संपते.”