पारा दिसतो, ट्रॉली दिसत नाही

नाताळ तोंडावर आला की साताऱ्याची एक बातमी ठरलेली. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले! गाडीच्या टपावरचा पांढरा थर नखाने खरवडणारा पर्यटक, आणि खाली मथळा: महाबळेश्वर शून्यावर. पुण्या-मुंबईच्या गाड्या या फोटोवर सुटतात.

शून्य मोजलं कुठे, हे कोण विचारतं?

हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण चार फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. तो हवेचं तापमान सांगतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की गवत, नावेच्या फळ्या, गाडीचे टप रात्रभर उष्णता सोडत त्या हवेहूनही गार होतात. जड, थंड हवा उतारावरून ओघळत तळ्याच्या खोलगटात साचते. म्हणून वेण्णेकाठी दव गोठलेलं असतं आणि त्याच पहाटे महाबळेश्वरच्या वेधशाळेत पारा दहाच्या आसपास असू शकतो. सुमारे 1,370 मीटर उंचीवरचं हे ठिकाण हिवाळ्यातल्या कित्येक रात्री पुण्यापेक्षा उबदार असतं.

पण ‘पुण्यापेक्षा उबदार’ असा मथळा द्यायला धाडस लागतं.

थंडीच्या लाटेचंही तेच. सपाट प्रदेशात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी झालं, तर हवामान खातं लाट म्हणतं. आपल्याकडे पारा बारावर आला की लाट छापून मोकळे. खरी लाट येईल तेव्हा काय छापणार?

ज्या दवाचा फोटो निघतो, त्यानेच स्ट्रॉबेरीची पानं करपतात. या पिकाला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान सगळ्यांना आहे. शेतकरी पहाटे उठून वाफे झाकतो, ते मात्र कुणाला दिसत नाही. पर्यटकाची पर्वणी आणि बागायतदाराचा तोटा एकाच पानावर, एकाच बातमीत का येऊ नयेत?

खाली सांगलीत भीती वेगळीच. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षबागायतदाराची झोप ढगांनी उडते. पूर्वेकडून दमट वारं सुटलं, आभाळ भरलं, रात्रीचा पारा चढला की डाऊनी आणि भुरी या रोगांची धास्ती, आणि औषधांच्या फवारण्या सुरू. 2021 चा डिसेंबर अवकाळी पावसानेच उजाडला आणि द्राक्षपट्टा हबकला. त्याच पावसाच्या गारठ्यात जुन्नर-आंबेगावकडे मेंढ्या मेल्या.

‘हवामान आल्हाददायक’ म्हणे! कुणासाठी?

आता अंदाजाचं. डिसेंबरच्या तोंडावर हवामान विभाग डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज जाहीर करतो. त्यात थंडी सरासरीपेक्षा कमी की जास्त, याची शक्यता सांगितलेली असते. शक्यता! 25 तारखेला पसरणीच्या घाटात काय असेल हे त्यात नसतं, असूही शकत नाही. त्यासाठी जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज असतो, तीन तासांपुरता तातडीचा इशारा असतो. 2020 पासून ‘मौसम’ अ‍ॅपही आहे. फुकट आहे. हॉटेलचे दर दहा ठिकाणी तपासणारे आपण ते किती वेळा उघडतो?

आणि उघडून पारा बघू नका. धुकं बघा.

शेतात पाणी, शेजारी कृष्णा, वर निरभ्र आकाश. एवढं जुळलं की कराड ते सांगली पट्ट्यात पहाटे धुकं उतरतं. सूर्योदयाच्या आसपास ते सर्वांत दाट असतं, साधारण आठ-नऊला विरतं. नेमकी याच वेळी सुट्टीची गाडी रस्त्यावर असते. पहाटे निघा, गर्दी टाळा, हा आपला जुना हिशेब.

याच वेळी कारखान्याकडे ऊसही जात असतो.

भुईंजपासून सांगलीपर्यंत दोन्ही अंगांना कारखान्यांची धुराडी आहेत आणि डिसेंबर म्हणजे हंगामाचा ऐन भर. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागे हातभर बाहेर आलेला ऊस, दिव्याचा पत्ता नाही. वाहनाच्या मागे लाल रिफ्लेक्टर हवेत, हे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. असलेच तर ते चिखलाने माखलेले किंवा लोंबत्या उसाने झाकलेले. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला सोडून ट्रॅक्टर निघून जातो. पाठीमागे इशारा म्हणून चार दगड. दुसऱ्या दिवशी ते दगडही तिथेच.

वर्तमानपत्रं म्हणतात, धुक्याची दुलई. दुलईखाली ट्रॉली उभी असते.

हिशेब करून बघा. दृश्यता 200 मीटरच्या आत आली की दाट धुकं, 50 च्या आत अतिदाट. ताशी 80 किलोमीटरने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. ट्रॉली दिसून ब्रेकवर पाय पडायला दीड सेकंद धरला, तर 33 मीटर तिथेच संपले. पन्नासातले उरले सतरा. तेवढ्यात गाडी थांबते का?

नाही थांबत.

हंगामाच्या मुहूर्ताला एखाद्या ट्रॅक्टरला समारंभाने रिफ्लेक्टर लावतात, टाळ्या होतात, फोटो निघतो. बाकीच्या ट्रॉल्यांचं काय? ऊस प्रत्येक ट्रॉलीचा कारखान्याच्या काट्यावर मोजला जातो. वजनात किलोचा फरक चालत नाही. मग त्याच काट्यावर ट्रॉलीचा मागचा भाग तपासायला किती वेळ लागेल? कापडी परावर्तक पट्टी बाहेर आलेल्या उसावर बांधायची, एवढंच काम.

ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देऊन हे सुटत नाही. तो रात्रभर काट्याच्या रांगेत असतो. ऊस तोडणारी टोळी त्याच धुक्यात, पाचटाच्या खोपीत, लहान पोरं कुशीत घेऊन झोपलेली असते. पारा घसरला की महाबळेश्वरचे फोटो येतात, या खोप्यांचे येत नाहीत. तिथे चार घोंगड्या पोहोचवायला कुठल्या अंदाजाची वाट बघायची?

म्हणून दोन मागण्या. कारखान्यांनी नाताळपूर्वी रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली काट्यावर घेणं थांबवावं. पोलिसांनी आणि आरटीओने तपासणी दुपारच्या उन्हात करू नये, पहाटे पाचला पेठ नाक्यावर करावी.

आणि तुम्ही? पहाटे चारला निघायचा बेत असेल, तर तो सकाळी आठवर न्या.