वादालाही मुकलेला खेळ

एखादा खेळ देशात रुजलाय का, हे मैदानं मोजून कळत नाही. त्या खेळातल्या माणसांवरून घराघरांत भांडणं होतात का, ते बघावं. क्रिकेटपटू लग्नात कोणाच्या पंगतीला बसला, यावरूनही आपल्याकडं दोन तट पडतात. रग्बीच्या नशिबी हे भाग्य नाही. भारताकडून आंतरराष्ट्रीय रग्बी खेळलेल्या एका माणसावरून देशभर गदारोळ झाला खरा, पण त्यात रग्बी कुठंच नव्हती. केळी होती.

जुलै 2019 मध्ये राहुल बोस चित्रीकरणासाठी चंदीगडला एका पंचतारांकित हॉटेलात उतरला होता. व्यायाम चालू असताना त्यानं दोन केळी मागवली. बिल आलं 442 रुपये 50 पैसे. बिलावर केळ्यांचं नामकरण ‘फ्रूट प्लॅटर’ असं झालेलं, किंमत 375 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी. बोसनं व्हिडिओ टाकला आणि फळंसुद्धा माणसाला अपाय करू शकतात, असा शोध जाहीर केला. चौकशी लागली. ताज्या फळांना जीएसटी माफ असताना तो घेतला म्हणून हॉटेलला 25,000 रुपये दंड झाला. हॉटेलवाल्यांच्या संघटनेनं मात्र यात वावगं काहीच नाही, असं ठणकावून सांगितलं.

नोएडातल्या आमच्या सोसायटीत रावेरचे एक काका आहेत. रावेर-सावद्याची केळी रेल्वेनं दिल्लीच्या आझादपूर मंडीत यायची, त्या काळापासून ते इकडं. त्यांनी तो व्हिडिओ फळाच्या जाणकारानं बघावा तसा बघितला. “एवढ्या पैशात आमच्याकडं आख्खा घड देतील भाऊ, आणि वर चहा पाजतील.” त्यांचा राग ना बोसवर, ना हॉटेलवर. शेतापासून प्लेटपर्यंतच्या साखळीत आपण चुकीच्या टोकाला जन्मलो, एवढीच खंत. मग त्यांनी विचारलं, “पण हा करतो काय?”

नट आहे, म्हटलं. ‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’मधला. आणि रग्बी खेळायचा, भारताकडून.

“भारताची रग्बी?” काकांनी माझ्याकडं असं बघितलं, की मीच बिल वाढवून आणलंय.

वास्तविक बोसचं रग्बीचं खातं चांगलं भरलेलं आहे. 1998 साली भारताचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, त्यात तो होता. उजव्या विंगेला खेळला, स्क्रम-हाफ म्हणूनही खेळला. स्क्रम-हाफ म्हणजे संध्याकाळी सहा वाजता राजीव चौक मेट्रोच्या दारात, गर्दीच्या पायांखाली गेलेली चप्पल वाकून काढायची आणि कोणी अंगावर पडायच्या आत मागच्या माणसाकडं फेकायची. बरीच वर्षं त्यानं हे केलं, आणि पुढं देशाच्या रग्बी संघटनेचा अध्यक्षही झाला. इतकं करून नाव झालं ते दोन केळ्यांनी.

त्याच 2019 मध्ये ऑस्ट्रेलियात इस्रायल फोलाऊचं काय झालं बघा. रग्बीच्या 73 कसोट्या खेळलेला गडी. त्यानंही समाजमाध्यमावरच काहीतरी टाकलं: समलिंगी, दारुडे, व्यभिचारी, खोटारडे, चोर, नास्तिक आणि मूर्तिपूजक, सगळ्यांना नरक ठरलेला आहे. (ही यादी लावली तर दिल्लीत वाहतूककोंडी कायमची सुटेल. गणपती बसवणारे आम्हीही आधीच्या गाडीनं.) मे महिन्यात त्याचा लाखो डॉलरचा करार रद्द झाला, प्रकरण कोर्टात गेलं, देश दुभंगला, डिसेंबरात तडजोड झाली. फोलाऊ म्हणाला ते मला मुळीच पटत नाही. पण एका रग्बीपटूच्या चार ओळींनी पंतप्रधानांपासून पाद्र्यांपर्यंत सगळे कामाला लागावेत, या थाटाचा हेवा वाटतो.

बरं, रग्बीच्या वादात आपला पैसा नाही म्हणावं, तर तसंही नाही. 1873 साली कलकत्त्यात साहेबांनी रग्बीचा क्लब काढला. क्लबातली फुकटची दारू बंद झाली आणि खेळावरचं प्रेम झपाट्यानं आटलं. त्या हवेत पोलो आणि टेनिस बरं, असं अनेकांच्या ध्यानात आलं. क्लब मोडताना बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, 270 रुपये वितळवले आणि त्याचा चषक घडवला. मुठी नागांच्या, झाकणावर हत्ती. 1878 मध्ये तो इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला, आणि 1879 पासून इंग्लंड-स्कॉटलंड त्या ‘कलकत्ता कप’साठी एकमेकांना चिखलात लोळवतात.

1988 मध्ये तर सामन्यानंतर इंग्लंडचा डीन रिचर्ड्स आणि स्कॉटलंडचा जॉन जेफ्री हे दोन धिप्पाड गडी भरपूर पिऊन चषक घेऊन एडिनबरोच्या रस्त्यावर उतरले आणि त्याचाच चेंडू करून खेळले. चषक चेपला. जेफ्रीला स्कॉटलंडनं कित्येक महिने बाहेर बसवलं, रिचर्ड्सला इंग्लंडनं एक आठवडा. रिचर्ड्स पेशानं पोलीस होता, हे इथं सांगितलंच पाहिजे. पुढं 2009 मध्ये हार्लेक्विन्सचा प्रशिक्षक असताना, खेळाडूनं तोंडात नकली रक्ताची गोळी फोडून जखमी झाल्याचं सोंग करायचं, या प्रकरणात त्याला तीन वर्षांची बंदी झाली. तेव्हा हिशेब असा: आपले 270 रुपये तिकडं लाथा खाऊन इतिहासात गेले आणि 442 रुपये 50 पैसे इकडं केळी खाऊन.

दिल्लीला रग्बी दिसलीच नाही, असंही नाही. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्ली विद्यापीठाच्या मैदानावर सेव्हन्सचे सामने झाले. अंतिम सामन्यात न्यूझीलंडनं ऑस्ट्रेलियाला 24–17 असं हरवलं. जगातले उत्तम रग्बीपटू नॉर्थ कॅम्पसात धावत होते, आणि शहर मात्र स्पर्धेतला पैसा कोणी खाल्ला या चर्चेत गढलेलं. दिल्लीकराला वाद आवडतो, पण त्यात ओळखीचा माणूस लागतो. ‘तू जानता नहीं मैं कौन हूँ’ या वाक्यावर जे शहर चालतं, तिथं रग्बीपटूनं ते म्हणून बघावं. समोरचा प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल.

जून 2025 मध्ये मुंबईत पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली. बोस अध्यक्ष असतानाच. दिल्लीचा संघ, दिल्ली रेड्झ, थेट अंतिम सामन्यात पोचला आणि चेन्नईकडून 41–0 असा हरला. एक्केचाळीस-शून्य! पानिपत आता एनसीआरमध्ये येतं. पण इतका सपाटून मार खाल्ल्यावर आमच्या लोकांनी निदान अडीचशे वर्षं कोणाचं चुकलं यावर भांडण तरी केलं. भाऊसाहेबांनी हत्तीवरून उतरायला नको होतं, हे आजही दिल्लीतल्या मराठी घरांत ऐकू येतं. इथं दुसऱ्या दिवशी सकाळी पार्कात एकही माणूस प्रशिक्षकाचा राजीनामा मागेना.

मला राहवलं नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मीच टाकलं: ‘दिल्ली 41–0 नं हरली. जबाबदार कोण?’ बराच वेळ शांतता. मग आमच्या सेक्रेटरींनी अत्यंत तत्परतेनं विचारलं, “भाईसाहब, ये किस टावर का मामला है?”