एका म्यानात दोन तलवारी

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हा मराठी भाषेतील जुना समज दिल्लीच्या वाणिज्य व उद्योग मंत्रालयाने खोटा पाडला असून त्याबद्दल जामनेर तालुक्यातील कापूस उत्पादकाने या मंत्रालयाचे ऋणी राहावयास हवे. नाहीतरी ऋणी राहण्याची त्याला सवय आहेच.

वाणिज्यमंत्र्याने देशाचा माल परदेशी चांगल्या भावाने खपवावा आणि वस्त्रोद्योगमंत्र्याने गिरण्यांना रुई स्वस्तात मिळवून द्यावी, अशी कामाची वाटणी असल्याने या दोघांत भांडण होणे रीतसर असते आणि त्या भांडणातच शेतकऱ्याचे थोडेफार फावते. जुलै २०११ मध्ये आनंद शर्मा यांच्याकडे वाणिज्याच्या जोडीला वस्त्रोद्योगही आला, आणि हे भांडण मिटले. पुढे ५ मार्च २०१२ रोजी, होळी दोन दिवसांवर असताना, विदेश व्यापार महासंचालनालयाने, म्हणजे आयात-निर्यातीचे नियम काढणाऱ्या वाणिज्य मंत्रालयाच्याच शाखेने, कापसाची निर्यात बंद केली. ८४ लाख गाठी बाहेर जाऊ देण्याचा अंदाज असताना ९४ लाख गेल्या, असा हिशेब त्यासाठी देण्यात आला. गाठ म्हणजे सरकी काढून दाबलेली १७० किलो रुई. आपल्याला विचारलेच नव्हते, अशी तक्रार कृषिमंत्री शरद पवार यांनी पंतप्रधानांकडे केली. देशाचा कृषिमंत्री आणि जामनेर तालुक्यातल्या पहूरचा कोरडवाहू शेतकरी यांना एकच बातमी सारख्याच उशिरा कळावी, इतकी समता भारतीय प्रशासनात क्वचितच साधली असेल. आठवडाभरात बंदी मागे घेण्यात आली, परंतु आधी नोंदणी झालेल्या गाठींपुरतीच. म्हणजे न्याय मिळाला तो शेतकऱ्याच्या घरातून केव्हाच निघून गेलेल्या कापसाला.

सरकार बदलले, तेव्हा म्यानही मोठे झाले. जुलै २०२१ ते जून २०२४ या काळात पीयूष गोयल यांच्याकडे वाणिज्य आणि वस्त्रोद्योग तर होतेच, शिवाय शहरी ग्राहकाच्या ताटाची काळजी वाहणारे ग्राहक व्यवहार खातेही होते. त्यामुळे ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात थांबली, तेव्हा मागणी करणारा, तिचा विचार करणारा आणि ती मान्य करणारा यांची बैठक भरवण्यासाठी आरशाखेरीज काही लागले नसावे. ही बंदी ४ मे २०२४ रोजी ४० टक्के निर्यातशुल्क लावून उठली. जामनेर ज्या रावेर लोकसभा मतदारसंघात मोडते, तेथील मतदान १३ मे रोजी होते, हा अर्थातच पंचांगाचा योग.

२०२५ मध्ये कापसावरील ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ झाले. हे काम अर्थ मंत्रालयाचे असल्याने वाणिज्य मंत्रालयाचे हात स्वच्छच राहिले. २७ ऑगस्टला अमेरिकेचे ५० टक्के शुल्क भारतीय मालावर लागू झाले आणि नेमकी त्याच दिवशी गणेश चतुर्थी होती, ज्या मुहूर्तावर खानदेशातील जिनिंगवाले नव्या कापसाच्या खरेदीचा नारळ फोडतात. त्या शुल्काचा फटका बसलेल्या वस्त्रोद्योगासाठी दुसऱ्याच दिवशी माफीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. उधारी अंगावर असलेल्या अल्पभूधारकाचा कापूस तोवर विकून झालेला असतो.