कोंबडीचे स्थळ

परसातील कुक्कुटपालनासाठी, म्हणजे उकिरडा उकरून पोट भरणाऱ्या आठ-दहा पक्ष्यांसाठी, जात निवडण्याचे काम आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडील लोणीसारख्या कोरडवाहू गावातही आता स्थळ पाहण्याइतके गंभीर झाले असून, अंडी व्हाइट लेगहॉर्नइतकी, म्हणजे वर्षाला २५० च्या वर, द्यावीत आणि दाणा मात्र गावरानइतका, म्हणजे जवळजवळ नाहीच, खावा, अशी रास्त अपेक्षा कोंबडीकडून बाळगली जाते. हैदराबादच्या संशोधन संस्थेने विकसित केलेल्या वनराज व ग्रामप्रिया, तसेच बंगळुरूची गिरिराज, या सुधारित जाती रंगीत पिसांमुळे बाजारात गावरान म्हणून सहज खपतात आणि अंडीही तिच्या दुपटीने देतात. परंतु त्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंड्यांवर बसून पिले उबवण्याची त्यांची वृत्ती निवड पैदाशीत मागे पडलेली असते, त्यामुळे नवी पिले पुन्हा विकतच आणावी लागतात, ही बाब विक्रेत्याला व्यवहार पुरा झाल्यावरच आठवते.

झाबुआच्या कडकनाथाची कथा निराळी. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या पक्ष्याचे मांस काळे, अंडे मात्र फिकट बदामी, आणि तेही वर्षाला शंभराच्या आतबाहेर. तरीही अंड्यांसाठी तोच हवा असा आग्रह धरणारे जाणकार कमी नाहीत, आणि २०१९ मध्ये सांगली भागात उघडकीस आलेल्या कडकनाथ गुंतवणूक घोटाळ्यानेही त्यांच्या श्रद्धेचे पीस हललेले नाही.

जातीवरचा हा वाद रात्री उशिरापर्यंत रंगतो, तेव्हा खुराड्याचे दार सुतळीने बांधलेले असते आणि मुंगूस कोणत्याही जातीबाबत आग्रही नसते.