तो, ती आणि ते

मराठी व्याकरणाने माझ्या वर्गातल्या पोरांना जेवढं रडवलं, तेवढं गणितानेही रडवलं नसेल. तो दगड, ती वीट, ते घर. का? तर तसंच असतं म्हणून! पण एका गोष्टीसाठी या व्याकरणाला माझा नमस्कार आहे. बाळ, मूल, लेकरू हे सगळे शब्द नपुंसकलिंगी. पोटात काय आहे ते कळेपर्यंत भाषा सबुरीने घेते. सबुरी नसते ती बोलणाऱ्यांना.

माझं माहेर दौंडचं, सासर शिरूरचं. तिकडे भीमा, इकडे घोड. आणि घोड शेवटी भीमेलाच मिळते, त्यामुळे पाणी एक तशी रीतही एक. सातव्या महिन्यातल्या बाईचं पोट म्हणजे दोन्हीकडे गावकीची मालमत्ता. पोट टोकदार तर मुलगा, पसरट तर मुलगी. उठताना उजवा हात टेकला तर नातू, डावा टेकला तर नात. आंबट-गोडाच्या डोहाळ्यांचा अर्थ मात्र दर घराला वेगळा. माझ्या एका चुलतसासूबाईंचं भाकीत कधी म्हणून चुकलं नाही. त्या सकाळी मुलगा सांगायच्या, संध्याकाळी मुलगी, आणि बारशाला त्यातलं बरोबर तेवढंच आठवायच्या.

मागे भाचीबरोबर शिरूरला सोनोग्राफीला गेले होते. भिंतीवर ती नेहमीची पाटी : इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे. हा कायदा आपल्या राज्याने १९८८ साली देशात सगळ्यांआधी केला. केंद्राचा आला १९९४ साली. डॉक्टरने शब्दानेच काय, खुणेनेही काही सांगायचं नाही, असं त्यात लिहिलंय. डॉक्टरीणबाई भाचीला एवढंच म्हणाल्या, "सगळं छान आहे. शुक्रवारी या." झालं! तिच्या सासूबाई रिक्षात बसल्यापासून घर येईपर्यंत गप्प. उतरताना म्हणाल्या, "शुक्रवार म्हणजे लक्ष्मीचा वार. सोमवार का नाय सांगितला?" सोमवारी बाईंची सुट्टी असते, हे कुणी सांगितलं तरी त्यांना पटणार नव्हतं.

हसून सोडून द्यावं, तर तसंही नाही. २००१ साली राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, २०११ च्या जनगणनेत त्या ८९४ वर आल्या. भिंतीवर पाटी होती तरी.

पण त्या दिवशी माझं लक्ष बाकावर होतं. चार-पाच जणी बसलेल्या. सवय जात नाही, मी विचारलं, "काय हवंय गं तुम्हाला?" सगळ्यांनी पाढा म्हटल्यासारखं एकच उत्तर दिलं : काही का होईना, हातीपायी धड असू दे. प्रत्येकीच्या शेजारी सासू, नाही तर नणंद बसलेली होती. थोड्या वेळाने ही मंडळी चहाला खाली उतरली आणि बाक बोलायला लागलं. एक म्हणाली, "मला मुलगी हवी. घरात माझ्या बाजूने बोलणारं कुणीतरी नको का?" तिच्या पलीकडची जरा थांबून म्हणाली, "मला मुलगाच पाहिजे. दोन मुली हायेत. मुलगा झाला की ऑपरेशन करतील, मग मी सुटले."

तिला वंशाचा दिवा वगैरे काही नको होता. तिला विश्रांती हवी होती, आणि आमच्याकडे ती मुलग्याच्या नावावर मिळते.

मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, हे तिला सांगावंसं वाटलं. नेटी स्टीव्हन्स नावाच्या बाईने पिठातले किडे तपासून १९०५ साली लिंग गुणसूत्रांवर ठरतं हे दाखवलं. सव्वाशे वर्षं होत आली, हा निरोप अजून आमच्या न्हावऱ्याच्या फाट्यावरच एसटीची वाट बघत उभा आहे. पण सांगून काय होणार? तिला ते कळून उपयोग नव्हता; ज्यांना कळायला हवं ते खाली चहा पीत होते. मी गप्प बसले. मास्तरीण गप्प बसली, याची नोंद घ्यावी.

भाचीला मात्र मी विचारलंच नाही. तिचं आपलं, "ते रात्रभर लाथा मारतंय, झोपू देत नाही." ते! ऐकून इतकं बरं वाटलं.

पुढे दौंडला माहेरी डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, सगळं साग्रसंगीत. मग झाकलेल्या दोन वाट्या पुढे आल्या. एकीत पेढा, म्हणजे मुलगा. दुसरीत बर्फी, म्हणजे मुलगी. तिने एक उघडली. पेढा! सासूबाईंनी टाळ्या पिटल्या. मला शंका आली म्हणून मी दुसरीही उघडली. त्यातही पेढाच.

सासूबाई म्हणाल्या, "दुकानात बर्फी संपली होती."

भाचीने दोन्ही पेढे मला दिले. तिला पहिल्यापासून बर्फीच आवडते.