टाकू नका, मी बघतो

घरातला जुना संगणक भंगारात द्यायचा असेल तर रात्री अकरानंतर, चपला हातात घेऊन जिन्याने खाली न्यावा. दिवसाढवळ्या नेलात तर लिनक्सकाका गाठतातच. तुमच्या काखेतल्या धुडाकडे बघून त्यांचा चेहरा कळवळतो. "टाकताय काय असा? लिनक्स टाकू की त्यात! द्या इकडे, मी बघतो."

असे काका दर सोसायटीत एक असतात. (दोन असले तर त्यांचं आपसात बोलणं बंद असतं, एक डेबियनवाला, दुसरा स्लॅकवेअरवाला.) आमचे काका एका बँकेच्या ईडीपी विभागातून निवृत्त झाले. नव्वदच्या दशकात 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यांना ही बाधा झाली. पुढे २००५ पासून २०११ पर्यंत उबुंटूवाले मागेल त्याला सीडी फुकट घरपोच पाठवायचे. काकांनी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने मागवल्या. सासूबाईंच्या नावानेसुद्धा. त्या माउलीला मरेपर्यंत वाटत होतं, जावयाने भजनाच्या सीडी मागवल्यात आणि ऐकू मात्र देत नाही.

लोकांना वाटतं, काकांना बंद पडलेला संगणक चालू करायचा असतो. छे! त्यांचा जीव असतो त्याआधीच्या तयारीत. तिची सामग्री श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत आहे. एका डब्यात पेन ड्राइव्ह, प्रत्येकाला चिकटपट्टी, त्यावर बॉलपेनने सांकेतिक काहीतरी. दुसऱ्यात १.४४ एमबीच्या फ्लॉपी. पूर्वी एकेक लिनक्स फ्लॉपींच्या चळतीवरून चढवावं लागे आणि शेवटून दुसरी फ्लॉपी खराब निघे, हे ते ज्या अभिमानाने सांगतात त्या अभिमानाने लोक बाहत्तरचा दुष्काळ सांगतात.

लिनक्सची आयएसओ फाइल नेटवरून उतरली की ती शाबूत आहे ना, हे तपासायचं. त्यासाठी तिची बेरीज म्हणून चौसष्ट अक्षरांची एक माळ असते. संकेतस्थळावरची आणि आपली जुळली पाहिजे. संगणक हे एका कमांडमध्ये करून देतो. पण ज्याने व्हाउचर लिहिलं त्यानेच टिक करायचं, हे काकांच्या बँकेतल्या संस्कारांत बसत नाही. म्हणून काकू वहीतून वाचतात आणि काका पडद्यावर बोट ठेवून पडताळतात.

"चार, बी, बी, नऊ, ई..."

"डी की ई?"

"ई हो, ईडलिंबातला. पुढे शून्य, सी... तीन."

"तीन? इथे सात आहे! गेली! सबंध फाइल गेली!"

"अहो, कुकरच्या शिट्ट्या तीन झाल्या म्हणतेय."

मग पेन ड्राइव्हवर लिहिणं. रुफस, एचर, व्हेंटॉय असली सोपी साधनं काकांना अपमानास्पद वाटतात. त्यांचं दैवत डीडी. ही कमांड कुठून उचलायचं आणि कुठे लिहायचं एवढंच घेते, 'नक्की ना?' म्हणून विचारत नाही. ड्राइव्हच्या नावात एसडीबीच्या जागी एसडीए पडलं की पेन ड्राइव्ह कोरा तो कोराच आणि घरचीच हार्ड डिस्क साफ. भाच्याच्या लग्नाचे फोटो काकांच्या घरी का नाहीत, हे त्यामुळे विचारायचं नसतं. प्रगती दाखवायची सोय डीडीत आहे, काका ती मुद्दाम वापरत नाहीत. "आकडे दिसले की माणूस उतावळा होतो." ते पेन ड्राइव्हचा लुकलुकता दिवा बघत बसतात आणि चहा निवतो.

२०२५च्या ऑगस्टमध्ये डेबियन १३ आलं, त्यात जुन्या ३२ बिटी पीसींसाठी इन्स्टॉलरच नव्हता. काकांनी त्या दिवशी गोड खाल्लं नाही. डेबियन १२ची ३२ बिटी आयएसओ त्यांनी दिसेल तिथे साठवली. एक माझ्या लॅपटॉपवरही सापडली.

सध्या त्यांच्या तावडीत तळमजल्यावरच्या आजोबांचा लॅपटॉप आहे. पेंटियम एम, ५१२ एमबी रॅम. बायॉसला पेन ड्राइव्ह ठाऊक नाही, आजची बहुतेक लिनक्सं ७०० एमबीच्या सीडीत मावत नाहीत. मग प्लॉप नावाचा इवलासा प्रोग्रॅम सीडीवर घालायचा, सीडीने यंत्र उठवायचं आणि तिथून पेन ड्राइव्हकडे जायचं. सीडीचा ट्रे उघडेना, तो टाचणीने उघडला. बायॉसमध्ये शिरायला एफ टू, एफ ट्वेल्व्ह, डिलीट, सगळं काकांनी पेटीवाल्यासारखं दोन्ही हातांनी वाजवलं. शेवटी प्रोसेसरला पीएई नावाचं कसब येत नाही असं सांगून लिनक्स अडलं. काका गालात हसले. या जातीच्या काही चिप्सना पीएई येतं, पण त्या तसं जाहीर करत नाहीत. सुरुवातीलाच 'फोर्सपीएई' लिहून कामाला लावावं लागतं.

"येतं सगळं, पण विचारलं तर सांगायचं नाही. आमच्या शाखेत असे दोघे होते."

लॅपटॉप सुरू झाला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, शेजारी लवलवणारा कर्सर. काकांनी आजोबांना खुर्चीत बसवलं.

"आता यात नातीशी व्हिडिओवर बोलता येईल ना?"

"त्याला ब्राउझर लागेल."

"मग उघडा की."

"ब्राउझर उघडला तर रॅम संपेल. उघडायचा कशाला? बघा ना, उघडला नाही तर किती सुरेख चालतंय!"

आजोबा बराच वेळ कर्सरकडे बघत राहिले. काकांचा हात तोवर श्रीखंडाच्या डब्यात गेला होता.

"यावर नेटबीएसडी कसं पळतं ते बघायचं होतं. आठवडाभर ठेवून घेऊ?"

"ठेवा हो," आजोबा उठत म्हणाले. "चार्जरसुद्धा देतो."