दुहेरी बंदोबस्त

कारखान्यात बसवायच्या नेटवर्क स्विचचं माहितीपत्रक वाचलं की आपण या पेटीला सियाचीनच्या ठाण्यावर पाठवतोय असं वाटतं. उणे 40 पासून 75 अंश सेल्सिअसपर्यंत चालणार. अंग धातूचं, आत पंखा नाही, त्यामुळे धूळ ओढून घ्यायचा प्रश्न नाही. थरथर, धक्का, उंचावरून पडणं, विजेचे झटके या सगळ्या परीक्षा पास. मी बरीच वर्षं साखर कारखान्यांतून हे स्विच बसवत हिंडतो. आमच्या पश्चिम महाराष्ट्रात उणे 40 अंश अजून कुणी पाहिलेले नाहीत. वरचा आकडा मात्र मार्चच्या दुपारी बॉयलरशेजारचं पॅनेल उघडलं की खोटा वाटत नाही. थोडक्यात, यंत्राच्या तब्येतीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार एवढीच, की परीक्षांच्या त्या लांबलचक यादीत माणूस हा विषय घेतलेला नाही.

या यंत्राचा सगळा भरवसा दुहेरी बंदोबस्तावर असतो. सप्लाय दोन घेतो, निरोप न्यायला वाटा दोन ठेवतो, आणि दोन्हींपैकी काही बिघडलं तर ओरडायची सोयही त्याच्या अंगातच असते. आपल्या माणसांचा भरवसा वेगळ्या गोष्टीवर असतो. दुहेरी बंदोबस्त दिसला की त्याची दोन्ही टोकं हुडकायची आणि एकाच खिळ्याला बांधून टाकायची, म्हणजे पसारा दिसत नाही.

सुरुवात सप्लायपासून. स्विच 35 मिलिमीटरच्या डिन रेलवर टक्कन बसतो. त्याच्या डोक्यावर एक हिरवा टर्मिनल ब्लॉक असतो, त्याला सहा भोकं. दोन पहिल्या सप्लायची, दोन दुसऱ्या सप्लायची आणि उरलेली दोन फॉल्ट रिलेची. दोन वेगवेगळ्या एसएमपीएसमधून 24 व्होल्ट डीसी आणायचे, म्हणजे एक गेला तरी दुसऱ्यावर स्विच चालू राहतो.

"दोन-दोन सप्लाय कशाला, साहेब?" तात्यांनी विचारलं. तात्या म्हणजे ज्या कारखान्याची ही गोष्ट, तिथले जुने वायरमन. "एकावर चालत न्हाई का?"

"चालतो."

"मग?"

"एक गेला तर दुसरा असावा."

"जातोय कशाला? मी हाय की."

दुसऱ्या दिवशी पाहतो तर फॉल्टचा लाल दिवा विझलेला. दुसरा एसएमपीएस तर अजून स्टोअरमधून निघालाही नव्हता. वाकून पाहिलं तेव्हा पहिल्या सप्लायच्या भोकातून दुसऱ्या सप्लायच्या भोकात गेलेला बोटभर लांबीचा लाल वायरचा तुकडा, म्हणजे जंपर, दिसला. टोकांना लग लावलेले, स्क्रू घट्ट, काम एकदम देखणं. स्विचला आता वाटत होतं की आपल्याला दोन आधार आहेत. तुकडा काढायला लावला, इंडेंट भरला, सह्या झाल्या, दुसरा एसएमपीएस आला, रेलवर बसला. दोघांचे हिरवे दिवे शेजारी शेजारी लागले. मी वायरी धरून वर वर जात राहिलो तेव्हा दोन्हींचं मूळ एकाच एमसीबीत सापडलं. त्या एमसीबीवर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर लिहिलेलं होतं, 'पंखा'.

"जागा न्हवती, साहेब," तात्या म्हणाले. त्यांचंही खरं होतं. शेजारचा एमसीबी रिकामा होता, पण तो 'नंतर लागेल' म्हणून राखून ठेवलेला होता.

ओरडायची सोय म्हणजे तो फॉल्ट रिले. सप्लाय गेला किंवा केबल तुटली की त्याचा संपर्क पलटतो आणि त्याच्यावर हूटर किंवा दिवा लावता येतो. आम्ही कंट्रोल रूममध्ये हूटर लावला. तो वाजायचाही. म्हणूनच रात्रपाळीच्या कुणीतरी त्याच्या तोंडात कॉटन वेस्टचा बोळा कोंबला. पुढे खंडेनवमीला पॅनेलची पूजा झाली, स्विचलाही झेंडूचं फूल मिळालं आणि कुंकवाचं बोट नेमकं फॉल्टच्या दिव्यावर टेकलं. त्या दिवसापासून तो दिवा लागलेला असो की विझलेला, दिसायला लालच. देवाधर्माचं काम, पुसणार कोण?

स्विच कुणाचा, हाही एक प्रश्न असतो. त्यात 24 व्होल्ट येतात म्हणून तो इलेक्ट्रिकलचा. त्यातून मशिनचे आकडे जातात म्हणून इन्स्ट्रुमेंटचा. त्याला नेटची केबल लागते म्हणून कॉम्प्युटर विभागाचा. चालू असतो तोवर तिघेही मालक असतात. बंद पडला की प्रत्येकाला बाकीच्या दोघांची नावं आठवतात. पासवर्ड मात्र कुणाकडेच नसतो. म्हणजे तो असतो, पण नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या तरी डायरीत.

आता केबलचं टोक. प्लगमध्ये आठ तारा एका ठरावीक क्रमानं बसवायच्या असतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम बघून कुणाही नीटनेटक्या माणसाचं डोकं उठतं. हिरव्याची जोडी फोडून मध्ये निळ्याला का बसवलंय? तात्यांनी ही चूक सुधारली. त्यांच्या केबलमध्ये नारिंगीशेजारी नारिंगी, हिरव्याशेजारी हिरवा, निळ्याशेजारी निळा, सगळे आपापल्या जोडीदाराबरोबर. दोन्ही टोकांना तंतोतंत तसंच. टेस्टर लावला तर आठही दिवे ओळीनं लागले.

"बघा, लाईट लागली. झालं की न्हाई?"

झालं नव्हतं. केबलमधली प्रत्येक जोडी एकमेकांभोवती पिळलेली असते ती उगीच नव्हे. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं 1881 साली टेलिफोनच्या तारांसाठी पेटंट केली होती. पिळलेल्या दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच बसतो आणि पलीकडच्या टोकाला वजा होऊन जातो. स्विच मात्र निरोप पाठवतो तो एक-दोन आणि तीन-सहा या खुंट्यांवरून. तात्यांच्या क्रमात तिसऱ्या खुंटीवर हिरव्या जोडीतली तार आली आणि सहाव्या खुंटीवर निळ्या जोडीतली. आता जोडीनं काम करायचं होतं ज्यांना, त्या दोघी एकमेकींभोवती पिळलेल्याच नव्हत्या. टेबलावर हात-दीड हाताची अशी केबल गुपचूप चालते. मिलच्या मोठ्या ड्राइव्हशेजारून लांबवर गेली की निरोप वाटेतच गळायला लागतात. दिवा मात्र लागलेलाच असतो. वायरमनच्या शास्त्रात दिवा लागला की विषय संपतो. माझ्या पोटापाण्याचा विषय तिथून सुरू होतो.

यानंतर रिंग. गव्हाण, मिल, बॉयलर, पॅन, सेंट्रिफ्युगल, को-जन अशा ठिकठिकाणचे स्विच एकमेकांना जोडत जायचं आणि शेवटच्याची केबल परत पहिल्याकडे आणायची. लांबच्या पल्ल्याला फायबर. तांब्याच्या केबलची मर्यादा 100 मीटर, शिवाय मोटरींचा गोंगाट. काचेच्या तंतूला गोंगाटाशी देणंघेणं नाही. पण वर्तुळ पुरं झालं की एक संकट उभं राहतं. इथरनेटच्या निरोपाला वयाची मर्यादा नसते. 'सगळ्यांना सांगा' असा निरोप वर्तुळात सुटला की प्रत्येक स्विच तो पुढे ढकलतो. गावातल्या अफवेसारखा तो सुरू करणाऱ्याकडेच फिरून येतो, पुन्हा ताजा होतो, आणि बघता बघता सगळं नेटवर्क ठप्प. रेडिया पर्लमन या बाईंनी 1985 साली यावर तोड काढली. दुव्यांपैकी जो जास्तीचा असेल तो मुद्दाम झोपवून ठेवायचा, आणि दुसरीकडे कुठं तुटलं की त्याला उठवायचं. आपल्या या स्पॅनिंग ट्रीवर त्यांनी एक कविताही केली. सुरुवातीच्या काळात झोपलेला दुवा उठायला अर्धं-पाऊण मिनिट घ्यायचा. आता कारखान्यांसाठी एमआरपी नावाची पद्धत आहे, तिच्यात 50 स्विचपर्यंतची रिंग 200 मिलिसेकंदांच्या आत सावरते.

हे सगळं मी चीफ इंजिनिअर साहेबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे एक केबल नुसती झोपून राहणार?"

"हो, साहेब."

"आणि पैसे दोन्हीचे द्यायचे?"

"हो."

नुसतं झोपून राहण्याचा पगार देणं कारखान्याला नवीन नव्हतं, पण ती सवलत केबललाही द्यायची म्हणजे संचालक मंडळाला काय सांगायचं? तरीही ते कबूल झाले. अडलं ते पुढे. परतीची केबल वेगळ्या वाटेनं, साखर गोदामाच्या बाजूनं फिरवून आणायची, असं माझ्या नकाशात होतं. खरेदी विभागानं नकाशा उलटसुलट करून पाहिला. नवा ट्रे, नवे सपोर्ट, वेल्डिंग, मजुरी. "जुना ट्रे अर्धा रिकामा आहे की," ते म्हणाले. मी लेखी आक्षेप नोंदवला. तो फाइलला लागला आणि दोन्ही केबली जुन्या ट्रेला लागल्या, एकीवर एक, एकाच टायनं आवळून.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. कारखान्यातल्या एकाही केबलवर नाव नव्हतं. कुठली कुठून निघते आणि कुठं जाते हे तात्यांना पाठ होतं, आणि फक्त तात्यांनाच पाठ होतं. लेबलं लावू या म्हटलं की त्यांना दुखायचं. "लेबल नवख्या माणसाला लागतं," ते म्हणायचे. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. माझी भीती त्या नवख्या माणसाचीच होती. मी चीफसाहेबांना सांगितलं की दोन सप्लाय आणि दोन केबली घेतल्यात तसे तात्याही दोन पाहिजेत. त्यांना हे लगेच पटलं. तात्यांनी स्वतःच माणूस निवडला, मन लावून शिकवला, चेंबर न् चेंबर दाखवला. पोरगा हुशार होता. हंगाम सुरू होईपर्यंत त्यालाही सगळं पाठ झालं. माझ्या कामाच्या त्या सबंध यादीत एवढीच एक बाब अशी होती, जिच्यात कुणी जंपर लावला नव्हता.

जानेवारीत, ऐन गळितात, रसाची एक पाइपलाइन गळायला लागली. वेल्डर गॅस कटर घेऊन वर चढला. पाइपलाइन त्या ट्रेच्या बरोब्बर वरून जाते. वितळलेलं लोखंड खाली पडलं आणि दोन्ही केबली एकाच जागी भाजून निघाल्या. झोपलेला दुवा नियमाप्रमाणे जागा झाला असेलही, पण उठून जाणार कुठं? कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर पॅन आणि सेंट्रिफ्युगलच्या आकड्यांच्या जागी प्रश्नचिन्हं आली. हूटर कापूस तोंडात धरून आतल्या आत गुरगुरत होता.

साखर मात्र शिजतच होती. तिकडचे पीएलसी जागच्या जागी आपलं काम करत होते. तुटलं होतं ते फक्त कंट्रोल रूमशी बोलणं. पॅनवर मी पोचलो तेव्हा पॅनमन प्रूफ स्टिकनं नमुना काढत होता. त्यानं तो काचेवर पसरला, दिव्याकडे धरून दाणा पाहिला, अंगठा आणि बोटामध्ये घेऊन तार ओढून पाहिली आणि एक व्हॉल्व्ह जरासा फिरवला. स्क्रीन बंद आहे हे त्याला माझ्याकडून कळलं. "असं व्हय," म्हणाला आणि पुन्हा काचेकडे वळला. स्क्रीन चालू असतानाही तो हेच करायचा. सबंध कारखान्यात खराखुरा दुहेरी बंदोबस्त तेवढा एकच होता, कारण त्याच्या बोटांची वाट त्या ट्रेमधून जात नव्हती.

जुनी, न वापरलेली एक फायबर केबल कारखान्यात कुठंतरी पडून आहे, हे सगळ्यांना ऐकून माहीत होतं. कुठं, ते तात्यांना ठाऊक.

"तात्यांना बोलवा."

"तात्या सुतकात हाईत."

"मग त्या पोराला बोलवा."

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, की मी काहीतरी अडाण्यासारखं बोललो असावं. शेवटी एका फिटरनं खुलासा केला. "त्योबी सुतकातच की. चुलत पुतण्या हाय त्यांचा. एकच भावकी. आज दहावा हाय, दोघंबी नदीवर."

फोन लावला. तात्यांचा फोन सदऱ्याच्या खिशात होता आणि सदरा घाटाच्या पायरीवर. पोराचा फोन तात्यांच्या सदऱ्याशेजारी, त्याच्या सदऱ्यात. बराच वेळ दोन्ही वाजत राहिले. अखेर कुणीतरी एक उचलून तात्यांच्या कानाला लावला. अर्धी डोई भादरलेल्या अवस्थेत, न्हाव्याला हातानं थोपवून, तात्यांनी रस्ता सांगितला: वजनकाट्याच्या मागं चेंबर, त्यावर फरशी, फरशीवर भंगार गिअर, तो हलवा, खाली काळी केबल, तीच. मग विचारलं, "पंख्याचा एमसीबी कुणी पाडला न्हाई न्हवं?"

रात्रीपर्यंत प्रश्नचिन्हं गेली आणि आकडे परत आले.

या हंगामापासून मी माझ्या पाहणीच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला आहे. सप्लाय दोन आहेत का? वेगवेगळ्या एमसीबीवरून आहेत का? केबली दोन आहेत का? वेगवेगळ्या वाटेनं जातात का? माहीतगार माणसं दोन आहेत का? आणि नवा प्रश्न: त्यांना एकमेकांचं सुतक लागतं का? हा वाचून बहुतेक ठिकाणी लोक हसतात. परवा एका कारखान्यातल्या वायरमननं मात्र गंभीरपणे उत्तर दिलं.

"सुतक न्हाई लागत, साहेब. मेव्हणा हाय माझा."

मी समाधानानं टिक केली. तो थोडा घुटमळला.

"पण लग्नाला दोघंबी लागतो."